चार नंबरच्या खोलीतली हवा

१

गारव्याच्या धंद्यात मला छत्तीस वर्षं झाली. सुरुवात हातगाडीवरून केली. सकाळी बर्फाच्या चार लाद्या घेऊन निघायचो आणि शेवटच्या गिऱ्हाइकापर्यंत पोचताना तीनच उरायच्या. चौथी रस्त्याला पाजलेली असायची. शाळा सातवीत सुटली. बाकीचं शिक्षण भुसा, गोणपाट आणि एका मोडक्या फ्रीजच्या पोटात हात घालून झालं. त्या फ्रीजने दोनदा शॉक दिला, तेवढीच माझी फी.

आज माझं स्वतःचं कोल्ड स्टोरेज आहे. खोल्या चार. एक नंबरात बटाटे, दोनमध्ये लोणी, तीनमध्ये औषधं, चारमध्ये फुलं. माणसं ठेवत नाही. तसं म्हटलं तर एकदा ठेवलं होतं. एका उन्हाळ्यात एक जाडजूड वकीलसाहेब आले, म्हणाले, "मला तासभर आत ठेवा, होईल ते भाडं देतो." मी विचारलं, "बटाट्यांत बसणार की लोण्यात?" बसले लोण्यात. बाहेर आल्यावर म्हणाले, आज पहिल्यांदा अशिलाबद्दल माया वाटली.

माझा सकाळचा क्रम ठरलेला. पहाटेची गाडी माल उतरवून गेली की सात वाजता मी बोळातून फिरतो. प्रत्येक दाराला तळहाताएवढी काच आहे. त्यातून आत बघायचं, आतला थर्मामीटर वाचायचा, आकडा फळ्यावर खडूने लिहायचा आणि बाहेरच्या बटणाने आतला दिवा बंद करायचा. टक, टक, टक, टक. मग चहा.

त्या सोमवारी तीन दिवे विझले आणि चौथा मावळला.

मावळला हाच शब्द बरोबर आहे. बटण खाली गेलं, आवाज झाला आणि काचेमागचा उजेड सावकाश कमी होत गेला. मी सहज आकडे मोजले. सातला अंधार झाला. मी दिवा पुन्हा लावला, पुन्हा बंद केला. पुन्हा सात.

पहिला विचार वायरिंगचा आला. दुसरा चष्म्याचा. तिसरा यायच्या आत मी चहाला गेलो, कारण उपाशीपोटी तिसरा विचार करू नये असं माझं मत आहे.

२

यंत्रं आणि वायरिंग हे खातं माझ्या मेहुण्याकडे. बायकोचा धाकटा भाऊ. बाराही महिने गळ्यात मफलर, म्हणून सगळे त्याला मफलरच म्हणतात. वय एकोणपन्नास, हात सोन्याचा, स्वभाव लोण्याचा. लग्न तीनदा ठरलं आणि तीनदा मोडलं, कारण मुलगी बघायला जाताना वाटेत कुणाचा तरी पंप बंद पडलेला असायचा आणि हा तिथेच अडकायचा. आता चौथ्यांदा ठरलं होतं, आणि या वेळी पक्कं. चार नंबरची खोली जिने भाड्याने घेतली होती ती फुलांची व्यापारी बाई त्याला बरोबर ओळखून होती. "पंप दुरुस्त करून या, मी थांबते," असं म्हणणारी त्याला पहिलीच भेटली. लग्न येत्या महिन्यातल्या एका रविवारी होतं.

मफलरने बल्ब बदलला, बटण बदललं, वायर बदलली. दिवा मावळतच राहिला.

"दाजी, दिव्यात काही नाही," तो म्हणाला. "थांबा, एक गंमत करू."

तो टॉर्च घेऊन आत गेला आणि खोलीच्या टोकाला भिंतीशी उभा राहिला. खोली वीस पावलं लांब. मी काचेला डोळा लावला. त्याने टॉर्च माझ्याकडे रोखली आणि मान हलवली. उजेड हळूहळू विझत गेला. मी सातपर्यंत मोजलं.

तो बाहेर आल्यावर मी म्हटलं, "एकदम बंद करायची ना."

"एकदमच केली की."

"सावकाश गेली."

"दाजी, टॉर्चला सावकाश जाता येत नाही. तिला बटण एकच आहे." मग त्याने हात चोळले आणि हसला. "आत छान वाटतं हो. लांबलचक."

मी लक्ष दिलं नाही. भाड्याची खोली लांबलचक वाटली तर मालकाने तक्रार कशाला करायची?

३

प्रत्येक खोलीत तापमानाची नोंद ठेवणारं एक जुनं यंत्र आहे. कागदाची गोल तबकडी आठवड्यात एकदा फिरते आणि शाईची टोकदार सुई तिच्यावर रेघ काढते. दिवसा बाहेर ऊन असतं, तेव्हा रेघ केसभर वर जाते. रात्री खाली येते. सात दिवसांच्या सात टेकड्या. पंचवीस वर्षं मी त्या टेकड्या बघतोय.

चार नंबरच्या तबकडीवर एकच टेकडी होती. रुंद, गुळगुळीत, आणि आठवडा पुरा व्हायच्या आत संपलेली. पुढच्या आठवड्याची तबकडी तिला जोडून बघितली. पुन्हा तीच टेकडी, तेवढीच रुंद. मोजलं तर सहा दिवस आणि नऊ तास.

रविवारी थोरलीचा फोन आला. आमची थोरली लेक परदेशात वेधशाळेत असते. बाप बर्फ विकतो, लेक बर्फ बघते. सूर्यमालेच्या पार टोकाला एक गोठलेला बटुग्रह आहे, पूर्वी ग्रहांच्या यादीत होता, मग त्याचं नाव कमी केलं. तिथलं हवामान हा तिचा विषय. तिची आई विचारते, "तिथे कोण राहतं म्हणून हवामान बघायचं?" ती म्हणते, "म्हणूनच तर बघायचं, तक्रार करायला कोणी नाही."

मी गमतीने तिला तबकडीचं सांगितलं.

"बाबा, किती म्हणालात? सहा दिवस नऊ तास? तिथला दिवस तेवढाच असतो."

"असेल. इथल्या सुईला काय कळतंय?"

"आणखी काही आहे का?"

मी दिव्याचं सांगितलं. त्यावर ती हसली, पण ते हसू मला नेहमीचं वाटलं नाही.

"आम्ही हेच करतो, बाबा. तो बटुग्रह एखाद्या ताऱ्यापुढून जातो तेव्हा ताऱ्याकडे बघत राहायचं. तिथे हवा नसती, तर तारा बटण दाबल्यासारखा गेला असता. विरळ का होईना, हवा आहे, म्हणून तो सावकाश मावळतो. पण ती हवा फार दिवस टिकायची नाही. ग्रह सूर्यापासून लांब चाललाय. एक दिवस हवाच गोठेल आणि बर्फ होऊन जमिनीवर पडेल."

"हवा पडेल?"

"सगळी. आभाळ खाली येऊन पडतं असं समजा. मग वर काहीच उरत नाही."

मी म्हटलं, "तुमच्याकडे मेंटेनन्सला कोणी नाही वाटतं." ती या वेळी खरं हसली, आणि मला बरं वाटलं.

४

पुढचे पंधरा दिवस मी स्वतःची समजूत घालण्यात पटाईत झालो. सकाळी काचेतून बघितलं की आत निळसर धुक्याचे थर दिसायचे, एकावर एक, घडी घातलेल्या चादरींसारखे. गुडघ्याशी एक, कमरेशी एक, खांद्याशी एक. मी म्हणायचो, ओलावा. कोपऱ्यातल्या मांडणीवर बसलेलं दहिवर तांबूस होतं. मी म्हणायचो, गंज. आत मोठ्याने बोललं तरी आवाज लहान व्हायचा, जणू शेजारच्या इमारतीतून कोणी बोलतंय. याला मात्र मला काही म्हणता आलं नाही, म्हणून मी आत बोलणं बंद केलं.

खरं सांगायचं तर मला ती खोली बंद करायची नव्हती. फुलं तिथे कोमेजतच नव्हती. आठ दिवसांपूर्वीचा गुलाब बाहेर काढला की आत्ता उमलल्यासारखा. फुलवाल्या बाई खूश, त्यांची गिऱ्हाइकं खूश. असली खोली शहरात दुसऱ्या कोणाकडे नव्हती. व्यापाऱ्याला एवढं पुरतं.

मफलर मात्र तिथे रमू लागला. एक जुडी आणायला जायचा आणि पाऊण तास यायचा नाही. बाहेर आला की चेहरा धुतल्यासारखा स्वच्छ.

बायको एकदा डबा घेऊन आली आणि बोळात उभी राहून बघत राहिली. घरी गेल्यावर म्हणाली, "अहो, त्या खोलीला कुलूप लावा."

"का गं?"

"तो आत जाताना मागे वळून बघत नाही. लहानपणापासून त्याला सवय आहे, कुठेही जाताना दारातून एकदा मागे बघतो. शाळेत जाताना बघायचा. तिथे जाताना बघत नाही."

"लग्नाची फुलं आत आहेत. रविवारी लग्न झालं की सोमवारी कुलूप."

"सोमवारपर्यंत तो मला सगळाच्या सगळा हवाय," ती म्हणाली आणि आत निघून गेली.

त्याच रात्री जेवताना थोरलीचा फोन आला. गुरुवारी ग्रह एका ताऱ्यापुढून जाणार होता. आमच्या घड्याळात सकाळी दहा वाजून दहा मिनिटं. "या वेळी कळेल, बाबा," ती म्हणाली. "हवा आहे की पडली."

५

गुरुवारी मी काही झालं तरी दहा वाजता चार नंबरपाशी असणार नव्हतो. तसा निश्चयच केला होता. बटाट्यांच्या गाडीपाशी उभा राहिलो, हमालांना नको तिथे सल्ले दिले. शेवटी मुकादम म्हणाला, "शेठ, तुम्ही चहा पिऊन या, म्हणजे आमचं काम होईल."

दहा वाजून आठ मिनिटांनी मी चार नंबरच्या काचेशी होतो.

दिवा चालू होता. म्हणजे आत कोणीतरी होतं. दाराबाहेर मफलरची हत्यारांची पिशवी होती. आत मांडण्या दिसत होत्या, बादल्यांतून लग्नाची पांढरी फुलं दिसत होती. तो दिसत नव्हता. काचेतून खोलीचा एक कोपरा दिसत नाही, तिथे असेल असं मी धरून चाललो.

दिवा गेला. बटणाला मी हात लावला नव्हता. मावळला नाही, मोजायला वेळच मिळाला नाही. होता, आणि नव्हता.

मी दाराचा दांडा ओढला. दार हललं नाही. गारव्याच्या खोलीचं दार कधीकधी आतल्या ओढीने चिकटतं, दोन क्षण थांबलं की सुटतं. हे दार थांबून सुटणारं नव्हतं. कोणीतरी पलीकडून पूर्ण ताकदीने धरल्यासारखं होतं. मी पिशवीतली पहार घेतली, फटीत घातली आणि अंगाचा सगळा भार टाकला. शिट्टीसारखा आवाज झाला, वाऱ्याने मला पाठीमागून आत ढकललं, आणि मी आत होतो.

इथे माझी चूक सांगतो. आमच्या धंद्यातल्या माणसाचा हात त्याचा स्वतःचा राहत नाही. आत शिरलं की दार मागे ओढायचं, गारवा बाहेर जाऊ द्यायचा नाही. बँकेत गेलो तरी मी तेच करतो. लग्नाच्या बोलणीला गेलो होतो, तेव्हा मागून येणाऱ्या सासऱ्यांच्या नाकावर दार लावलं होतं. त्या गुरुवारीही माझ्या हाताने, मला न विचारता, दार मागे ओढून घेतलं.

६

आवाज संपला. कमी झाला नाही, संपला. मशीनची घरघर, माझे बूट, माझा स्वतःचा श्वास, सगळं एकदम.

अंधार नव्हता. सूर्य बुडाल्यावर अंगणात पाच मिनिटं जो उजेड असतो तसा होता. डावीकडे मांडण्या होत्या, ओळखीच्या, तिसरीचा पाय वाकडा. बादल्यांतली फुलं होती. उजवीकडेही मांडण्या होत्या. समोर भिंत नव्हती.

जमीन पांढरी होती, ताज्या चादरीसारखी, आणि ती पुढे जात होती. खूप पुढे बुटके डोंगर होते, त्यांच्या माथ्यावर तोच तांबूस रंग. वर काळं आभाळ, आणि त्यात एकच ठिपका इतर ताऱ्यांपेक्षा ठसठशीत. निळे थर कुठेच नव्हते. ते सगळे खाली पडले होते, माझ्या घोट्यांपर्यंत.

मफलर शंभरएक पावलांवर पाठमोरा उभा होता. हात खिशात, मान किंचित वर. एखाद्या नव्या इमारतीचं काम बघत उभा असावा तसा.

मी हाक मारली. तोंड उघडलं, घसा ताणला, आवाज कुठेच गेला नाही. तिथे आवाजाला जायला काही उरलंच नव्हतं. मी पुन्हा ओरडलो. छातीत एक पोकळ जागा होत चालली होती, आणि नवल म्हणजे ती दुखत नव्हती. उलट हलकं वाटत होतं. वाटलं, घाई कसली आहे, त्याच्या शेजारी जाऊन उभं राहावं, तो काय बघतोय ते बघावं.

एक पाऊल मी टाकलंसुद्धा.

मग मनात आलं, रविवारी ही मला काय म्हणेल. एवढंच आलं. मी तसाच मागे पडलो आणि पाठीने दारावर आपटलो. आतून दार उघडायला लोखंडी दट्ट्या असतो. तो माझ्या खांद्याखाली दबला आणि पहारीने सैल झालेलं दार बाहेर सुटलं.

बोळातली सगळी हवा माझ्यावरून आत धावली. घोट्यांजवळचं पांढरं धुरासारखं उठलं. सगळ्यात आधी मला माझीच हाक ऐकू आली, अर्धी झालेली. वारा पुढे पुढे गेला, मला तो जाताना दिसत होता, आणि शंभर पावलांवर मफलरच्या गळ्यातला मफलर फडफडला.

त्याने मान वळवली. मला बघून हात वर केला आणि परत चालत निघाला. चार पावलांत तो माझ्याजवळ होता.

बाहेर पडताना मी एकदाच मागे बघितलं. जिथे तो उभा होता तिथपर्यंत त्याच्या बुटांचे ठसे होते. डाव्या टाचेचा अर्धाच, कारण त्याची ती टाच तुटलेली आहे. ते ठसे तिथे थांबले नव्हते. तसेच, त्याच तुटक्या टाचेने, पुढे डोंगरांकडे गेले होते.

मग धूर मधे आला, आणि धूर बसला तेव्हा समोर माझी भिंत होती.

७

बोळातल्या बाकावर मी त्याला बसवलं. मुकादमाने चहा आणला. माझ्या हातातला निम्मा सांडला, त्याच्या हातातला एक थेंब नाही.

"आत काय करत होतास?"

"बघत होतो."

"काय?"

"काहीच नव्हतं, दाजी. तेच बघत होतो. इतकं काही नसलेलं मी आधी पाहिलं नव्हतं."

"श्वास कसा घेत होतास?"

त्याने प्रामाणिकपणे विचार केला. "घेतला नसेल."

"मग परत का आलास?"

"वारा आला ना. त्याला बटाट्यांचा वास होता." तो हसला. "म्हटलं, दाजी आले."

मला विचारायचं नव्हतं, पण व्यापाऱ्याच्या जिभेला अर्धा सौदा सोडवत नाही. "तू उभा होतास त्याच्या पुढेही पावलं होती. तुझ्याच बुटाची."

"असेन गेलो पुढे."

"तिथून परत आलेली नव्हती."

त्याने चहावर फुंकर मारली. "मग अजून चालतच असेन," तो म्हणाला आणि चहा प्यायला.

संध्याकाळी थोरलीचा फोन आला. तिला बोलता येत नव्हतं इतका आनंद झाला होता. तारा जाताना बटण दाबल्यासारखा गेला, म्हणजे हवा पडलेली होती. पण ग्रहाच्या दुसऱ्या बाजूने तारा परत आला, तेव्हा सावकाश आला. दीड मिनिटात कुठून तरी हवा आली होती. चार ठिकाणच्या दुर्बिणींना दिसलं.

"कुठून आली, बाबा, कोणालाच सांगता येत नाहीये," ती म्हणाली.

मी म्हटलं, "लग्नाला येतेस ना?"

८

लग्न झोकात झालं. वकीलसाहेबही आले होते, आता आणखी जाड. बायकोने भावाला जवळ घेतलं, चाचपून बघितलं, कानामागे बघितलं, आणि तिचं समाधान झालं. "आहे सगळा," मला म्हणाली. मी मान हलवली.

सोमवारी सकाळी मी चार नंबरला कुलूप लावत होतो, तेव्हा नवी नवरी बोळात येऊन उभी राहिली. नव्या नवरीने घरी असायला हवं होतं, पण फुलांचा बाजार कोणासाठी थांबत नाही. दोन नंबरात मफलर कॉम्प्रेसर खोलून बसला होता आणि शीळ घालत होता.

"शेठ, त्यांनी मला सांगितलं सगळं," ती म्हणाली.

"घाबरलात का?"

"छे. हे चांगले आहेत. पहाटे उठून त्यांनी माझी मोरी दुरुस्त केली. यांच्याविषयी माझी काही तक्रार नाही." तिने कुलपाकडे बघितलं. "पण तो पुढे गेलाय, तोही माझाच ना?"

मी कुलूप दोनदा ओढून बघितलं.

"तुम्ही दार उघडलंत तेव्हा हवा आत गेली," ती म्हणाली. "बोळभर गेली असेल. एका माणसाला ती किती दिवस पुरेल? म्हणजे पुन्हा दार कधी उघडायचं ते मला ठरवता येईल."

बाई व्यवहाराची होती. प्रश्न बरोबर जागी होता. मी किल्ली खिशात टाकली, खडू घेतला आणि फळ्याचा एक कोपरा पुसला. बोळाची लांबी मांडली, रुंदी मांडली, छताची उंची ती म्हणाली दहा फूट, मी म्हटलं अकरा. एक माणूस तासाला किती हवा खातो याचा आकडा तीन नंबरात औषधं ठेवणाऱ्या डॉक्टरांनी मला कधीतरी सांगितला होता, तोही मांडला.

"हा बसलेल्या माणसाचा आकडा झाला," मी म्हटलं. "चालणाऱ्याला जास्त लागते. दुप्पट धरू?"

दोन नंबरातली शीळ थांबली.

"दुप्पट नको, दाजी," तो आतून म्हणाला. "हळू चालतोय मी."